नकाशात न हललेली रेघ : कुर्डुवाडी आणि बार्शी लाइट रेल्वे

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या वेळी आपण किल्ल्यांच्या नकाशांबद्दल बोललो होतो, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "नकाशे म्हटलं की तुम्ही किल्ल्यांवरच जाता, साध्या गावाचा एखादा घ्या की." म्हणून आज साधं गाव घेतलंय. कुर्डुवाडी.

इथे बसलेल्यांपैकी किती जण कुर्डुवाडीला उतरलेत? बरेच आहेत. आणि किती जण कुर्डुवाडी बघायला म्हणून उतरलेत? बघा, हात खाली गेले. कुर्डुवाडीला माणूस उतरतो ते पुढे जायला. पंढरपूरला, बार्शीला, लातूरला. हे आजचंच नाही, पहिल्यापासून असंच आहे. ते गाव जन्मालाच आलं दुसऱ्या गावाला जायची जागा म्हणून.

आजचा आपला काळ म्हणजे साधारण १९४० ते १९६०. या काळातल्या टोपोशीटवर, म्हणजे शाळेत आपण ज्याला स्थलदर्शक नकाशा म्हणायचो त्यावर, कुर्डुवाडी कशी दिसते आणि त्यात काय दिसत नाही, एवढाच विषय. आणि एक तारीख आत्ताच सांगून ठेवतो, शेवटी तिच्याकडे यायचंय : ३१ डिसेंबर १९५३. त्या दिवशी कुर्डुवाडीत काय झालं हे तुम्ही नकाशात कितीही भिंग लावून शोधलंत तरी सापडणार नाही.

आधी पत्ता शोधू

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांना क्रमांक असतो, आणि तो एकदा कळला की पत्ता कधी चुकत नाही. सगळा देश चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनांत कापलेला आहे. आपला चौकोन ४७. त्यात उत्तर अक्षांश १६ ते २० आणि पूर्व रेखांश ७२ ते ७६. त्याचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, प्रत्येक एक अंशाचा. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे, पंधरा मिनिटांचे. पुणे येतं ४७ एफ चौदामध्ये. कुर्डुवाडी येते ४७ एन आठमध्ये.

आता गंमत बघा. कुर्डुवाडी या पत्रिकेच्या उजव्या कडेजवळ आहे. बार्शी शेजारच्या पत्रिकेत, एन बारामध्ये. पंढरपूर खाली, ४७ ओ सहामध्ये. मिरज ४७ एलमध्ये. आणि लातूर ४७ मध्येच नाही, ते ५६ मध्ये. म्हणजे आज ज्या छोट्या रेल्वेबद्दल बोलणार आहोत ती सबंध बघायची तर जमिनीवर पत्रिकांची गोधडी अंथरावी लागते. एका कागदावर कुर्डुवाडी म्हणजे फक्त एक गाठ दिसते. दोरे सगळे कागदाबाहेर गेलेले.

या पत्रिकांचं त्या काळचं प्रमाण होतं एक इंचाला एक मैल. त्यांना इंची नकाशे म्हणायचे. पुढे देशाने मेट्रिक पद्धत घेतली आणि प्रमाण १:५०,००० झालं. रंगांची भाषा मात्र बरीचशी तीच राहिली. तपकिरी रेघा समोच्च, म्हणजे उंचीच्या. निळं म्हणजे पाणी. कोरडे ओढे काळ्यात. लाल म्हणजे रस्ते आणि वस्ती. पिवळं म्हणजे कसलेली जमीन, हिरवं म्हणजे झाडी. रेल्वे काळी, आणि ब्रॉडगेजची खूण वेगळी, इतर गेजची वेगळी. स्टेशनाजवळ आरएस अशी दोन अक्षरं, पोस्ट असेल तर पीओ. आणि भराव किंवा खोदाई असेल तिथे एक आकडा आणि त्याच्यापुढे बारीक आर. तीन आर, सहा आर. म्हणजे आसपासच्या जमिनीपासून इतके फूट उंच किंवा खोल. हा आर लक्षात ठेवा, नंतर लागेल.

एका नकाशाला किती तारखा असतात?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मी नेहमी एक सांगतो. नकाशा हातात घेतला की आधी गाव शोधू नका, आधी तळाचा समास वाचा. मोजणी कोणत्या साली झाली? छपाई कोणत्या साली? आणि दुरुस्त्या कधीच्या? अनेक पत्रिकांवर हे तीन वेगवेगळे आकडे असतात.

याचं कारण सोपं आहे. १९०५ च्या सुमारास ठरलं की देशाची नव्याने, रंगीत नकाशांसाठी मोजणी करायची. हे काम काही दशकं चाललं. एकदा एखाद्या भागाची मोजणी झाली की सर्वेक्षकांची तुकडी तिथे पुन्हा लगेच येत नाही. पण नकाशा तर पुन्हा पुन्हा छापायचा असतो, दुसऱ्या महायुद्धात तर फारच छापावा लागला. मग काय करतात? जुनाच नकाशा घेतात आणि महत्त्वाच्या गोष्टी तेवढ्या दुरुस्त करतात. महत्त्वाच्या म्हणजे कोणत्या? रेल्वे आणि मोठे रस्ते. लष्कराला त्याच लागतात, सरकारलाही त्याच लागतात.

याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. रेल्वेची रेघ ताजी आणि गाव शिळं! १९५० च्या आसपास छापलेल्या पत्रिकेत रूळ अलीकडचे असू शकतात, पण त्या रुळांच्या बाजूची घरं तीस वर्षांपूर्वी मोजलेली. रेल्वेच्या गावाच्या बाबतीत तर हे फारच बोचतं, कारण असं गाव रेल्वेमुळेच वाढतं. म्हणजे ज्या गोष्टीमुळे गाव वाढलं ती नकाशात वेळेवर पोचते आणि वाढलेलं गाव मागे राहतं.

तुम्हाला घरी बघायचं असेल तर एक सोपी सोय आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने भारत आणि पाकिस्तानची १:२,५०,००० प्रमाणाची मालिका काढली, यू ५०२ नावाची. ती केली आपल्याच सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवली आहे. कुर्डुवाडी आणि बार्शी एनई ४३-७ या पत्रिकेच्या चौकोनात येतात. अशा पत्रिकेच्या कडेला, ती कोणत्या मूळ नकाशांवरून केली तेही दिलेलं असतं. तेवढं आधी वाचा, मग गाव शोधा.

स्टेशन आधी, नाव दुसऱ्याचं

आता गावाकडे येऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपली जीआयपी, पुण्याहून आग्नेयेला सरकत होती. १८५९ साली ती कुर्डुवाडीपर्यंत आली, १८६० मध्ये सोलापूरला पोचली, आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली. नकाशात ही रेघ बघितली तर जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ अशी वायव्येकडून आग्नेयेकडे सरळ उतरत जाते. एका बाजूला भीमेचं खोरं, दुसऱ्या बाजूला सीनेचं. इंजिनिअर माणसाला मधला सोपा रस्ता हवा असतो. तो त्याने घेतला.

पण व्यापार त्या सोप्या रस्त्यावर नव्हता. व्यापार होता बार्शीला. बार्शी म्हणजे कापसाची, गळिताची, धान्याची मोठी पेठ. निजामाच्या मुलखातला माल तिथे उतरायचा. बार्शी तालुका ब्रिटिश हद्दीत, पण आजूबाजूला परांडा, भूम, कळंब, उस्मानाबाद हा सगळा निजामाचा मुलूख. अशा ठिकाणी पेठ वाढतेच. आणि ही पेठ रुळांपासून एकवीस मैल लांब राहिली.

मग स्टेशनाला नाव काय पडलं? बार्शी रोड. कुर्डुवाडी नाही. रेल्वेच्या भाषेत 'रोड' शब्दाचा अर्थ काय, तर "तुम्हाला ज्या गावाला जायचंय ते हे नव्हे, इथून त्याचा रस्ता लागतो." अक्कलकोट रोड, सावंतवाडी रोड, कळंब रोड, सगळी त्याच जातीची नावं. प्रवाशाला सोयीची. पण जिथे स्टेशन उभं आहे त्या गावाला विचारा! आपल्या दारावर शेजाऱ्याच्या नावाची पाटी.

तर १८५९ पासून जवळजवळ चाळीस वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांनी सीना ओलांडून या बार्शी रोडला यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली म्हणजे काय होतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. नकाशात पिवळा रंग दिसतो तो सगळा या काळ्या मातीचा. कागदावर छान दिसतो, पण आषाढात त्यातून गाडी हाकून बघा.

कॅलथ्रॉपची बारकी गाडी

इथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा माणूस येतो. जीआयपीत नोकरीला असलेला इंग्रज इंजिनिअर. त्याच्या लक्षात आलं की बार्शीला मोठी रेल्वे परवडणार नाही, पण छोटी परवडेल. अडीच फूट रुंदीची. तो याच्या मागे लागला, नोकरी सोडली, आणि १८९५ साली कंपनी उभी राहिली : बार्शी लाइट रेल्वे. गाडी धावली १८९७ मध्ये.

छोटी रेल्वे म्हटलं की आपल्याला माथेरानची खेळण्यातली गाडी आठवते. ही तशी नव्हती. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ हलके असले तरी चालतील, पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं पाहिजे. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नको, मग ते इंजिन असो नाहीतर मालडबा. म्हणून इंजिनाला चाकंच जास्त. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली आठ जोडचाकांची इंजिनं त्याने आणली, आणि डबेही सगळे एका मापात बसवले. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून हे सामान लोकांना चालवून दाखवलं. पुढे छोट्या गेजच्या रेल्वेंचा विषय निघाला की बार्शीचं उदाहरण दिलं जाऊ लागलं. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं हे एकवीस मैलांचं काम जगातल्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी होतं.

मग ती वाढली. १९०६ मध्ये पंढरपूरला गेली. १९११ मध्ये लातूरला. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ करत मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. आणि या सगळ्याच्या मध्ये कुर्डुवाडी. मोठ्या रेल्वेवरचं एक स्टेशन होतं, ते आता जंक्शन झालं. कंपनीचा कारखाना तिथे आला.

आता टोपोशीटवर हे कसं दिसतं? मोठी रेल्वे सरळ जाते. उंचवटा आला तर कापते, खोलगट आलं तर भराव घालते, आणि अशाच जागी ते आकडे आणि आर दिसतात. छोटी रेल्वे तसं करत नाही. तिच्याकडे पैसा कमी असतो, म्हणून ती समोच्च रेषेचं ऐकते, वळसा घेते. छोट्या गेजची रेघ वळवळत का जाते, तर त्या कंपनीची थैली बारीक म्हणून. भूगोलाच्या नकाशात अर्थकारण असं वाचता येतं.

दुसरी गोष्ट. दोन वेगळ्या रुंदीचे रूळ जिथे भेटतात तिथे काय होतं? डबा पुढे जात नाही. प्रत्येक पोतं, प्रत्येक कापसाची गासडी एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकावी लागते. हे कोण करणार? हमाल. लातूरचा गूळ असो, बार्शीची तूर असो, मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीत माणसाच्या पाठीवरून गेल्याशिवाय जायचं नाही. रेल्वेच्या हिशेबात हा तोटा. गावाच्या हिशेबात ही रोजची मजुरी. कुर्डुवाडीची चूल दोन रुळांच्या रुंदीत जो फरक होता त्या फरकावर पेटत होती. नकाशात मात्र तिथे एक रेघ दुसरीला टेकते, बस्स.

माणसांचंही तेच. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणारा वारकरी मोठ्या गाडीतून उतरायचा आणि छोट्या गाडीत शिरायचा. चार दिवस स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. नकाशाला यात्रा माहीत नसते. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांचं एकच चित्र काढून तो मोकळा होतो.

रूळ एक, राज्यं दोन

या रेघेत आणखी एक गुंतागुंत आहे. बार्शीहून गाडी पांगरीला यायची, तिथपर्यंत मुंबई इलाखा. पुढचं येडशी निजामाच्या राज्यात. तिथून ढोकी, मुरूड, लातूर सगळं हैदराबाद संस्थान. राज्य वेगळं, तिकडे चालणारा हाली सिक्का वेगळा, आणि जकात घेणारा करोडगिरीचा नाका वेगळा. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि निजामाची सत्ता संपली. पण हैदराबाद नावाचं राज्य १९५६ पर्यंत राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे ही रेल्वे सगळीच्या सगळी एका राज्यात धावायला लागली.

आता पन्नाशीच्या काळातली पत्रिका घ्या. तिच्यातली ही हद्दीची तुटक रेघ कोणत्या सालची? मोजणीच्या वेळी ती एका साम्राज्याची आणि एका संस्थानाची हद्द होती. १९५० मध्ये ती दोन भारतीय राज्यांची हद्द. १९५७ मध्ये नुसती दोन जिल्ह्यांची. जागा तीच, अर्थ तीनदा बदलला. म्हणून मी म्हणतो, समास वाचा.

३१ डिसेंबर १९५३

आता त्या तारखेकडे येऊ.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे कंपन्या आणि संस्थानी रेल्वे एकत्र करायचं काम सुरू झालं. १९५१ मध्ये जीआयपी वगैरे मिळून मध्य रेल्वे झाली. बार्शी लाइट रेल्वे मात्र अजून खासगी कंपनीचीच होती. १८९५ च्या करारात सरकारला ती विकत घेण्याचा हक्क होता. सरकारने तो वापरला आणि १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे सरकारची झाली.

आपण म्हणू, छान झालं. परदेशी कंपनी गेली, आपलं सरकार आलं. पण कामगाराच्या बाजूने बघा. कंपनीने वर्ष संपायच्या आत सगळ्यांना नोटीस दिली : ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली. पुढे सरकारी रेल्वे ज्यांना घेईल, ती घेईल त्या अटींवर. बहुतेकांना तिने घेतलंही. पण काहींना आधीपेक्षा कमी पगाराच्या श्रेणीवर. कंपनीच्या दृष्टीने मात्र प्रत्येकाची नोकरी त्या संध्याकाळी संपली होती.

याच्या दोनच महिने आधी, १९५३ च्या ऑक्टोबरात, औद्योगिक विवाद कायद्यात नवीन कलम आलं होतं, २५ एफ. कामगाराची छाटणी केली, ज्याला कायद्यात रिट्रेंचमेंट म्हणतात, तर त्याला नोटीस द्यायची आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. हिशेब करा. कारखान्यात वीस वर्षं काढलेला फिटर असेल तर तीनशे दिवसांचा, म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांचा पगार झाला. १९५३ साली, कुर्डुवाडीसारख्या गावात. त्यात मुलीचं लग्न होतं, घरावर पत्रे येतात.

कामगारांचं म्हणणं साधं होतं. आमची नोकरी कंपनीने संपवली, तर ही छाटणीच आहे, भरपाई द्या. कंपनी म्हणाली, आम्ही जास्तीची माणसं काढलेली नाहीत, आमचा धंदाच आमच्या हातून गेलाय, याला छाटणी म्हणत नाहीत. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. अपील कंपनीचं होतं. कायद्याच्या पुस्तकात ते 'बार्शी लाइट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर' या नावाने आहे. बडोद्याच्या एका गिरणीच्या अशाच प्रश्नाबरोबर ते ऐकलं गेलं आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं : छाटणी म्हणजे धंदा चालू असताना जास्तीची माणसं कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा मालकाने दुसऱ्याच्या हाती दिला, तर ती छाटणी नव्हे. कंपनी जिंकली.

या निकालाचा धक्का देशभर बसला. उद्या कोणीही कारखाना विकला की कामगार रिकाम्या हाताने बाहेर! सरकारला कायदा बदलावा लागला. १९५७ मध्ये दुरुस्ती झाली. कलम २५ एफएफ, मालकी बदलली तर काय. २५ एफएफएफ, उद्योग बंद झाला तर काय. आज देशात कुठेही कंपनी विकली जाते, बंद पडते, आणि कामगार आपला हक्क सांगतो, तेव्हा तो ज्या जमिनीवर उभा असतो त्या जमिनीचा एक तुकडा कुर्डुवाडीचा आहे.

आणि ही दुरुस्ती लागू कधीपासून केली? २८ नोव्हेंबर १९५६. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्यामुळे कायदा बदलला, त्यांची नोकरी संपली होती डिसेंबर १९५३ मध्ये. ते त्या तारखेच्या आधीचे. म्हणजे त्यांच्या भांडणाचं फळ पुढच्यांना मिळालं.

(सभागृहात थोडी शांतता)

आता पुन्हा नकाशा बघा. १९५३ ची पत्रिका आणि १९५५ ची पत्रिका शेजारी ठेवा. रेघ तीच, स्टेशन तेच, आरएस ही अक्षरं तीच. १ जानेवारी १९५४ च्या सकाळी पहिली गाडी त्याच रुळांवरून गेली. मालक बदलला, नोकरी तुटली आणि पुन्हा जोडली गेली, आणि नकाशात अर्धा मिलिमीटरसुद्धा काही हललं नाही. सर्वेक्षकाची यात काही चूक नाही, त्याचं काम जमीन दाखवायचं. चूक होते ती आपली, जेव्हा आपण म्हणतो की नकाशात बदल नाही म्हणजे गावात बदल नाही.

मग उलटं झालं

याच्या बरोबर उलटी गोष्ट पन्नास वर्षांनी झाली. २००० नंतरच्या दशकात छोटी रेल्वे टप्प्याटप्प्याने मोठी केली गेली. पंढरपूरची झाली, लातूरची झाली, शेवटी मिरजेची झाली. लातूरची करताना मार्ग उस्मानाबादकडून, आताच्या धाराशिवकडून वळवला, कारण त्या जिल्ह्याच्या गावाला छोट्या रेल्वेने कधी शिवलंच नव्हतं. या वेळी नकाशा हलला. रेघा पुसल्या गेल्या, नव्या आल्या. जुना मार्ग काही ठिकाणी टाकून दिला गेला.

लोकांचं भलं झालं का? झालं. लातूरहून मुंबईला डबा न बदलता जाता येतं. मी काही जुन्या गाडीचे गोडवे गायला आलेलो नाही, ज्यांनी तिच्यातून रोज प्रवास केलाय ते मला मारतील. पण दोन रुळांच्या फरकावर जे गाव उभं होतं, त्याचा तो फरकच संपला. माल उतरवायला नको, चढवायला नको. कारखान्याला दुसरं काम मिळालं, हमालाचं काम मात्र गेलं ते गेलं. यावर कोणता खटला नाही, कोणतं कलम नाही. काम सोपं झालं की ज्याचं पोट अवघड कामावर होतं त्याचं काय, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

आणि इथे तो बारीक आर कामाला येतो. जुन्या मार्गावरचे रूळ उचलले की राहतो तो भराव. शेतातून जाणारा लांबट उंचवटा. नवीन माणसाला वाटतं बांध असेल, जुना कालवा असेल. जुनी टोपोशीट उघडलीत तर तिथे काळी रेघ दिसेल, आणि भराव मोजण्याइतका उंच असेल तर आकडा आणि आर. जमिनीवर जे पुसट झालंय ते कागदावर ठसठशीत आहे. जे १९५४ मध्ये नकाशाला दाखवता आलं नाही ते न्यायालयाच्या कागदात आहे, आणि जे आज जमिनीवर दिसत नाही ते नकाशात आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय गावाचा इतिहास लिहिता येत नाही.

घरी करायचं काम

शेवटी नेहमीप्रमाणे गृहपाठ. तुमच्या गावाजवळून रेल्वे जात असेल, गेलेली असेल, तर तीन गोष्टी करा.

एक. टोपोशीट मिळवा. पूर्वी हे नकाशे मिळवताना फार परवानग्या लागायच्या. २००५ च्या नकाशा धोरणाने सामान्य लोकांसाठी वेगळी मालिका आली आणि २०२१ नंतर नियम आणखी सैल झाले. जुनी अमेरिकी मालिका तर फुकट आहे. मिळाल्यावर मोजणी, छपाई, दुरुस्ती अशी सालं वहीत लिहा.

दोन. रेघेच्या मालकांची यादी करा. कोणती कंपनी, कोणत्या सालापर्यंत, मग कोण. मालक ज्या साली बदलला त्या सालावर खूण करा आणि त्या वर्षी कामगारांचं काय झालं ते शोधा. कायद्याच्या निकालपत्रांत गावांची नावं किती येतात ते बघून तुम्ही चकित व्हाल. आपण इतिहासवाले तिकडे फिरकतच नाही.

तीन. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी होती त्यांच्याकडे जा. नियुक्तीची चिठ्ठी, पगाराची चिठ्ठी, नोटीस, काहीही. ट्रंकेत असतं. आणि रद्दीत जायच्या आत गाठा. कुर्डुवाडीत १९५३ साली पंचवीस वर्षांचा असलेला माणूस आज हयात असेल तर शंभरीच्या घरात आहे. नातवंडांना माहीत असेल ते त्याने सांगितलं असेल तेवढंच.

मघाशी मी म्हणालो, त्या स्टेशनावर शेजाऱ्याच्या नावाची पाटी होती. पुढे रेल्वेने ती बदलली आणि स्टेशनाचं नाव कुर्डुवाडी झालं. गाव आपल्या नावावर आलं. पण कायद्याच्या पुस्तकात तो खटला अजून बार्शीच्याच नावावर आहे. पुढच्या वेळी तिथे गाडी थांबली आणि तुम्ही चहा घ्यायला उतरलात, तर तेवढं सांगा शेजारच्या प्रवाशाला.

आता प्रश्न घेऊ.